बाईंनी खाल्लेलं वर्ष

बाई,

येत्या एकतीस मेला मी रिटायर होतेय, आणि त्यात तुमचा हात आहे. गेल्या आठवड्यात पेन्शनची कागदपत्रं द्यायला ऑफिसात गेले होते. तिथल्या क्लार्कने माझं सेवापुस्तक उघडलं, जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि हसायलाच लागला. "एक जून! मॅडम, तुम्ही पण ह्याच लाइनीतल्या का?" त्याच्या टेबलावर आधीच सहा-सात फायली होत्या, सगळ्या एक जूनच्या. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्याच दिवशी घरी जातो असा नियम आहे, त्यामुळे आमच्याकडे एकतीस मेला शाल-श्रीफळाची नुसती धांदल उडते. एवढे मास्तर आणि एवढ्या बाया एकाच दिवशी जन्माला आल्या म्हणजे त्या दिवशी सुईणींना जेवायला तरी सवड मिळाली असेल का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, "सुईण एकच होती. आमच्या बाई." तो आणखी हसला. मग मी सवयीने माझं नेहमीचं वाक्य टाकलं, "माझं एक वर्ष बाईंनी खाल्लं." हे वाक्य मी इतक्या जणांना, इतक्या वेळा ऐकवलंय की ते म्हणताना मला राग यायचा कधीच बंद झाला होता. यंदा मात्र आला. अगदी खरोखरीचा आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना म्हणून हे लिहायला बसले. उन्हाळी सुट्टीतली दुपार आहे, पंखा गरम हवा अंगावर फेकतोय, आणि कागद म्हणून पोरांच्या चाचणीतली उरलेली कोरी पानं घेतली आहेत. तुम्ही असता तर आधी त्या पानांवरूनच मला बोलला असता.

तेव्हा आमची वस्ती नाशिकच्या बाहेर होती. आता नाशिकच तिच्या अंगावरून पुढे निघून गेलंय. आमचं माळ्याचं घर, दीड एकर शेवंती आणि झेंडू. पहाटे आई तोडा करायची, दिवस वर आला की आजी ओसरीवर पोत्यावर फुलं ओतून ओवायला बसायची, आणि दुपारच्या आत माळा गोदाकाठच्या फुलबाजारात पोचल्याच पाहिजेत असा घराचा कायदा होता. आजीच्या मते पोरींची बोटं देवाने ह्याच कामासाठी बारीक घडवली होती. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला शाळेत घालण्यासाठी तुम्ही ओळीने तीन वर्षं, दर जूनमध्ये, छत्री आणि कापडी पिशवी घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसलात. आजी दर वेळी गोड बोलायची. "बाई, धाडू की. नाय कोन म्हनतंय? पुढल्या साली धाडू." तुम्ही उठून जायचात आणि पुढल्या साली परत यायचात, आणि तोवर अक्काचा हात आणखी चपळ झालेला असायचा. अक्का आता एकसष्टीला आलीय आणि तिचं ते पुढलं साल अजून उगवायचं आहे.

चौथ्या वर्षी आलात तेव्हा अक्का एका वेळी दोन-दोन माळा ओवत होती आणि आजी तिच्याबद्दल ऐकूनही घ्यायला तयार नव्हती. मी बाजूला झेंडूचे देठ खुडत बसले होते. तुमची नजर माझ्याकडे वळली. "मग ही द्या," तुम्ही म्हणालात, जशी काही मी मेथीची जुडी होते. आजी म्हणाली, "ही? ही तर लय बारकी हाय. पाच बी पुरी नाय. हिला पुढल्या साली बघू." ते शब्द ऐकले मात्र, आणि तुम्ही पायरीवरून उठलात. मला ओसरीच्या मधोमध उभं केलंत. उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर म्हणालात. त्या काळी जन्माचा दाखला कुणाच्या घरात असायचा? हात कानाला पोचला की पोर सहाचं झालं, शाळेला लायक झालं, एवढीच परीक्षा. माझा हात पोचत नव्हता. बोटं केसांतच अडकली होती. तुम्ही आजीला दिसणार नाही अशा उभ्या राहिलात, माझ्या डोक्याला मागून हात लावलात आणि डोकं हळूच उजवीकडे कलतं केलंत. डावा कान वर आला आणि बोटांना लागला. "पोचला!" तुम्ही मोठ्याने म्हणालात. "आजी, पोचला बरं का!" आणि तिथेच मांडीवर रजिस्टर ठेवून शाईच्या पेनाने लिहून टाकलंत. तारीख एक जून, आणि साल असं की मी त्या महिन्यात बरोबर सहा वर्षांची व्हावी. आजीने कपाळाला हात लावला. "पडलं का नाव सरकारात?" असं तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, "पडलं. आता शाईने लिहिलंय, पुसता येत नाही."

आई नंतर सांगायची, तू झालीस तेव्हा शेवंतीचा पहिला तोडा चालू होता, दसरा चार दिवसांवर होता. म्हणजे नाव पडलं तेव्हा मी खरोखरच पाचाचीही नव्हते. हिशेब केला तर तुम्ही मला जवळजवळ दीड वर्षाने म्हातारी केलीत. बोलताना मी वर्षच म्हणते. तुमच्याबाबतीत एवढा उदारपणा दाखवायला माझी हरकत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच ओसरीवरची आहे, ती ह्या पत्रात यायलाच हवी. आमच्या कोनाड्यात एक पितळी पेला पालथा घातलेला असायचा. तुम्ही आलात की आजी तो काढायची, वरून पाणी ओतायची, आणि तुम्ही गेलात की तो पुन्हा कोनाड्यात जायचा. घरातल्या भांड्यांत तो कधी यायचा नाही. मला वाटायचं, बाई एवढ्या मोठ्या, म्हणून त्यांचा पेला वेगळा. चौथीच्या स्कॉलरशिपच्या वेळी तुम्ही मला संध्याकाळी तुमच्या घरी बोलवायला लागलात. शहरातली ती तुमची कॉलनी, दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि आतल्या खोलीत स्टोव्हचा आवाज. तुम्ही एका बाजूला भाकरी थापत होतात आणि दुसऱ्या बाजूला मला अपूर्णांक घालत होतात. मला गरम भाकरी आणि लसणाची चटणी वाढलीत. चटणीने नाकातोंडातून पाणी आलं, तेव्हा तुमच्या मुलीने तिच्याच हातातला पेला माझ्यापुढे केला. तो पेला तोंडाला लावताना माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आम्ही माळी, तुम्ही बौद्ध, आणि तो कोनाड्यातला पेला मानाचा नव्हता. मी पाणी पिता पिता थांबले. तुम्ही विचारलंत, "काय झालं?" मी रडत रडत सांगितलं. तुम्ही भाकरी उलटलीत आणि म्हणालात, "ठाऊक आहे मला."

"मग तुम्ही पिता कशाला त्यातून?"

"मी तुमच्याकडे पाणी प्यायला येत नाही, पोर घ्यायला येते. पेल्यावरून भांडले असते तर आजीने मला परत पायरी चढू दिली नसती, आणि तू आत्ता इथे नसतीस, माळा ओवत बसली असतीस." मग तवा खाली उतरवून माझ्याकडे वळलात. "पण ते बरोबर आहे असं समजू नकोस. मला राग येतो. रोज येतो. तो पेला मी बदलणार नाही, तू बदलायचा." त्या दिवशी तुम्ही रागावलात असं मला वाटलं होतं. आता वाटतं, तो तुम्ही मला दिलेला पहिला गृहपाठ होता. पुढच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा मी आजोबांच्या फुलपात्रातून तुम्हाला पाणी दिलं. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. पितळी पेला आईने गुपचूप बाकीच्या भांड्यांत टाकला आणि त्यानंतर तो कुठला हे कुणालाच ओळखू येईना.

आता माझी शाळा. सिन्नरकडे जाताना हायवेच्या अलीकडे एक वस्ती आहे, तिथे दोन खोल्यांची सरकारी शाळा. पहिली ते चौथी, मी मुख्याध्यापिका आणि जोडीला एक तरुण सर. आजूबाजूला भाजीपाल्याचे मळे, आणि अंबडला नाहीतर सिन्नरला कंपनीत जाणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या. सकाळी पिवळ्या व्हॅन येतात आणि निम्मी पोरं टाय लावून इंग्रजी शाळेत निघून जातात. यंदा चौथीची पोरं बाहेर पडली आणि माझा पट सतरावर आला. लगेच पत्र आलं. पट विसाच्या खाली राहिला तर शाळा बंद करून पोरं हायवेपलीकडच्या शाळेत पाठवायची. बाई, तुम्ही हा हायवे पाहिलेला नाही. तुमच्या वेळी तिथे बैलगाडी आडवी गेली तरी एसटी थांबायची. आता तिथे कंटेनरला ब्रेक लावायची सवयच नाही. मुलग्यांना कुणीतरी मोटरसायकलवर पलीकडे सोडेल. मुलींच्या बाबतीत काय होणार ते सांगायला कुठल्या समितीची गरज नाही. कुणीतरी आजी गोड आवाजात म्हणेल, पुढल्या साली बघू. मी हे होऊ देणार नाही असं त्या पत्राच्या पाठीवरच लिहून ठेवलं, आणि सतराच्या पुढे तीन रेघा मारल्या.

पट म्हटलं की मला माझी पहिली शाळा आठवते. पेठच्या बाजूला, डोंगरात. मला तिथे लागून पाचवं वर्ष चाललं होतं, आणि न कळवता एक दिवस तुम्ही दारात उभ्या! नाशिकहून एसटीने, मग जीपने, मग पायी चढ चढून. तीच छत्री, तीच पिशवी. मी धावत पुढे आले तर म्हणालात, "तू शिकव. मी बसते." आणि मागे पोरांत जाऊन मांडी घालून बसलात. मधल्या सुट्टीत टेबलावरचं हजेरीपुस्तक उघडलंत. निम्म्या नावांपुढे मी पेन्सिलीने बारीक टिंबं दिली होती. "हे काय?" मी म्हटलं, "बाई, इथली पोरं सकाळी गुरांमागे जातात, दुपारी येतात कधी कधी. आली की टिंबावर शाई फिरवते." तुम्ही पुस्तक मिटलंत. आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधीच चढवत नव्हतात, आणि म्हणूनच लागायचं. "आलं तर हजर लिही. नाही आलं तर जाऊन घेऊन ये. पेन्सिल कशाला लागते मध्ये? पेन्सिल म्हणजे आपण आणायला जाणार नाही, हे आधीच ठरवलेलं असणं." पोरांसमोर बोललात. मी पंचवीस वर्षांची, चार-पाच वर्षांची नोकरी झालेली, गावात मला मान. मला झोंबलं. मी फटकन म्हणाले, "आणि तुम्ही? तुम्ही तर माझं अख्खं साल खोटं लिहिलंत. तेही शाईने!"

तुम्ही पिशवीत हात घातलात आणि घडी केलेला एक कागद काढलात. त्या कागदाचं मी शेवटी सांगते. आत्ता सांगितलं तर पुढचं लिहायला तोंड राहणार नाही.

तर तीन रेघा. एप्रिलभर मी आणि सर उन्हातून घरोघर फिरलो. अंबडला नव्याने कामाला लागलेलं एक बिऱ्हाड सापडलं, त्यांचा मुलगा आला. पिवळ्या व्हॅनमधून जाणारी एक मुलगी सापडली, वर्षभरात तिला इंग्रजीत फक्त रडता आलं होतं. तिच्या आईने तिचा दाखला काढून आणला. एकोणीस. विसावी मला मळ्यात दिसली. आजीशेजारी बसून ती मेथीच्या जुड्या बांधत होती, आणि जुडीला सुतळीचा वेढा देताना मोजत होती. मोजणं बरोबर होतं. एकोणतीस, तीस, एकतीस, कुठे अडखळणं नाही. मी तिथेच बांधावर बसले. तिचा बाप कंपनीत सेकंड शिफ्टला निघण्याच्या गडबडीत होता, पण थांबला. त्याने मोबाइलवर जन्माचा दाखला दाखवला. वय चार महिन्यांनी कमी पडत होतं. पुढच्या जूनला ती हक्काने पहिलीत, यंदा नाही.

"मॅडम, टाका ना एक जून," तो म्हणाला. "आमच्या टायमाला सगळ्यायची तीच व्हती. माझी बी तीच हाय."

"आता कॉम्प्युटर दाखला मागतो हो," मी म्हटलं. "तो कुणाच्या तोंडाकडे बघत नाही."

आजीने जुडी पाटीत टाकली आणि म्हणाली, "मग जाऊ द्या की. पुढल्या साली बघू."

बाई, पन्नासहून जास्त वर्षांनी तेच शब्द, त्याच सुरात. मी पोरीला उभी केली. म्हटलं, हात डोक्यावरून घे बरं, कान धर. तिला वाटलं खेळ आहे, ती हसत होती. हात पोचला नाही, बोटं वेणीतच राहिली. माझा हात तिच्या डोक्यामागे गेलासुद्धा. मग मी तो खाली घेतला. परतताना सर मोटरसायकल चालवता चालवता म्हणाले, "मॅडम, तुम्ही अजून एक वर्ष असता ना, तर ही विसावी झाली असती. तुम्ही शाळा ओढून नेली असती तोवर. नवीन कोण येतं कुणाला माहीत." ते चांगल्या मनाने बोलले, पण मला मागे बसल्या बसल्या तुमचा असा राग आला की विचारू नका. एक वर्ष! तेवढंच हवं होतं, आणि तेवढंच तुम्ही त्या ओसरीवर माझ्या डोक्याला हात लावून काढून घेतलं होतंत.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. आमचे तालुक्याचे शिक्षण अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, माणूस वाईट नाही. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमची सर्व्हिस एवढी क्लीन झाली. आता शेवटच्या महिन्यात कशाला डोक्याला ताप? घरी नातवंडं सांभाळा."

"नातवंडं सांभाळायला माझी सून समर्थ आहे. पट कोण सांभाळणार ते सांगा."

त्यांनी फाइल पुढे ओढली. "हे बघा, तीस सप्टेंबरचा पट धरतात. त्या दिवशी वीस भरले तर मी फाइल पुढे सरकवणार नाही. माझा शब्द. पण भरणार कोण? तुम्ही तर नसणार."

"मी असणार."

"कुठल्या नात्याने?" त्यांनी विचारलं. चेष्टेने नाही, खरंच विचारलं.   मी सह्या करून बाहेर आले, सिन्नरच्या जीपमध्ये कोंबून बसले, आणि अर्ध्या वाटेत तुम्ही आठवलात.

तुम्ही कुठल्या नात्याने येत होतात? रिटायर झालात तेव्हा आम्हाला वाटलं, आता बाई आराम करतील. पुढच्याच जूनमध्ये तुम्ही छत्री घेऊन आमच्या वस्तीत हजर. नवे हेडमास्तर वैतागले, तुम्हाला काय अधिकार म्हणाले. तुम्ही म्हणालात, अधिकार नाही, सवय आहे. शाळेच्या पायरीवर तुम्ही ज्यांचं वय भरत नाही अशी पोरं घेऊन बसायचात. त्यांचं नाव पटावर नाही, खिचडीत त्यांचा वाटा नाही, ती नुसती बसती पोरं. गाणी, गोष्टी, चिंचोके, आणि हळूच एक-दोन अक्षरं. वर्ष संपलं की ती आपोआप आत पहिलीत जाऊन बसायची, कारण त्यांना घरी बसायचं असतं हे विसरायलाच झालेलं असायचं. हे तुम्ही किती वर्षं केलंत? पायऱ्या चढवत होत्या तोवर तरी केलंत. मी शेवटची भेटायला आले तेव्हा तुम्ही ऐंशी ओलांडली होतीत, डोळ्यांत मोतीबिंदू, मला आवाजावरून ओळखलंत. कशी आहेस नाही, मुलं काय करतात नाही. "पट किती?" मी म्हटलं, एकतीस. "बत्तिसावं कुठंय?" मी थकून आले होते, जराशी चिडलेच. "बाई, आता पुरे करा की." तुम्ही हसलात आणि मुलीला म्हणालात, "हिला चटणी-भाकरी वाढ. उपाशी असली की ही चिडते." त्या थंडीत तुम्ही गेलात. विहारात पुण्यानुमोदनाला माणसं मावत नव्हती, भाजीवाल्या, रिक्षावाले, नर्स, एक तहसीलदार, आणि मला खात्री आहे त्यातले निम्मे तरी एक जूनचे होते.

जीपमधून उतरले ती तशीच मळ्यात गेले. आजीला म्हटलं, शाळा उघडली की हिला रोज पायरीवर आणून बसवायची. आजी म्हणाली, "नाव नाय, हजेरी नाय, मग कशापायी?" मी म्हटलं, "मीही तशीच येणार आहे. माझंही नाव नसेल तिथे."  आजीने पोरीच्या हातातली सुतळी काढून घेतली आणि म्हणाली, "आनीन. पन बाराच्या आत सोडा, जुड्या ऱ्हात्यात." मी बारा कबूल केले. पुढे साडेबारा करीन, मग एक. विसावं पोर मला अजून शोधायचं आहे, आणि सप्टेंबरपर्यंत मी एकही दार सोडणार नाही. हायवेकडच्या नव्या खोल्यांत बिऱ्हाडं येताहेत. परवा एका दोरीवर लहान फ्रॉक वाळताना पाहिला, घर लक्षात ठेवलंय.

पिशवीतल्या कागदाचं राहिलं. तो तुमच्या अक्षरातला होता. ह्या मुलीची जन्मतारीख चुकीची आहे हे ठाऊक असताना ती मी स्वतः लिहिली, तिचा वा तिच्या घरच्यांचा त्यात काही दोष नाही, असं लिहून देते. खाली तुमची सही, शाईने. जन्मतारीख दुरुस्त करायची तर नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत करावी लागते, आणि माझी मुदत संपायला दोन महिने उरले होते. ते दिवस तुम्ही मोजत होतात, मी नाही. "हा जोडून अर्ज कर," तुम्ही म्हणालात. "तुझं वर्ष तुला मिळेल." तुमची स्वतःची निवृत्ती तेव्हा दोन वर्षांवर आली होती. जाणूनबुजून खोटी नोंद केली असं लिहून देणाऱ्या बाईचं खात्याने काय केलं असतं, हे मला आत्ता, माझं सेवापुस्तक चाळताना कळतंय. तेव्हा मला फक्त पेन्सिलीवरून झालेला अपमान दिसत होता. मी कागद हातातसुद्धा घेतला नाही. हसून म्हणाले, "राहू द्या हो बाई. तेवढीच एक वर्ष आधी सुटका."

"सुटका?" तुम्ही म्हणालात.  कागदाची घडी केलीत, पिशवीत ठेवलीत, पाणी मागितलंत, आणि तीनच्या जीपने उतरून गेलात. मीही मग हजेरीपुस्तक उघडून पेन्सिलीची टिंबं खोडत बसले.

सुटका नको आहे मला, बाई. सरकारच्या हिशेबात माझे अठ्ठावन्न भरले असतील, दसऱ्याच्या हिशेबात माझे सत्तावन्नही पुरे नाहीत. मधलं जे उरलंय ते माझं आहे, आणि ते मी शाळेच्या पायरीवर घालवणार आहे. हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, चाचणीच्या गठ्ठ्यात राहील. एकतीस मेला निरोपाच्या कार्यक्रमात मला बोलायला लावणार आहेत, आणि नेहमीचं वाक्य येणार म्हणून सर आत्तापासून हसताहेत. एवढी वर्षं मी भेटेल त्याला सांगत आले की माझं एक वर्ष बाईंनी खाल्लं. ते परत द्यायला तुम्ही डोंगर चढून आला होतात, हे मात्र मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.